थांबण्याचे दायित्व

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही मिस्सावस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले. वय पन्नाशीकडे झुकलेले, स्वभाव मितभाषी. एका रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात वीस-बावीस वर्षांची नोकरी. "कन्फेशन नाही, फादर, एक प्रश्न आहे," ते म्हणाले. तो प्रश्न आणि त्यापुढील हकिकत आम्ही त्यांच्या अनुमतीनेच येथे लिहीत आहोत.

त्यांच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. कारखान्यातील एका पाइपच्या वळणावर, ज्याला तेथे एल्बो म्हणतात, धातूची जाडी मोजून काढलेले आकडे त्यावर होते. नवा असताना त्या एल्बोची जाडी ७.१ मिलिमीटर होती. आदल्या वर्षी ती ४.२ भरली, त्या वर्षी ३.४. जाडी तीन मिलिमीटरच्या खाली गेली की एल्बो बदललाच पाहिजे, असा त्या पाइपपुरता नियम. वर्षाला ०.८ या गतीने झीज होत असेल तर उरलेले ०.४ मिलिमीटर सहा महिने पुरणार होते. कारखान्याचा ठरलेला शटडाउन दहा-बारा दिवसांवर आला होता. परंतु हाती मोठी मागणी आल्यामुळे तो पाच महिने पुढे ढकलावा असे वरिष्ठांनी ठरविले होते, आणि 'ढकलण्यास हरकत नाही' अशा टिपणीखाली सही या गृहस्थांची हवी होती.

"कागदावर सगळं बसतं, फादर," ते म्हणाले. "पण मोजलाय तो एकच एल्बो. तसे आणखी सात आहेत, इन्सुलेशनच्या आत. इन्सुलेशन सोलून मोजायचे म्हटले तर मोजता येतील. पण मोजले आणि कमी भरले, तर थांबावंच लागेल. साहेब म्हणतात, ते शटडाउनला बघू. मी सही केली तर पाप होईल का?"

आम्ही काय उत्तर दिले हे सांगताना आज संकोच वाटतो. "तुमची सदसद्विवेकबुद्धी सांगेल तसे करा, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू," एवढे बोलून आम्ही मोकळे झालो. त्या वाक्यात चूक काही नव्हती. परंतु विवेकाला उजेड हवा म्हणूनच तो मनुष्य आमच्याकडे आला होता, आणि आम्ही त्याला त्याच्याच अंधाराकडे परत पाठविले. "बरं, फादर," म्हणून त्यांनी कागदाची घडी केली आणि ते निघून गेले.

शटडाउन हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. तारापूरच्या कारखान्यांत, ठाणे-बेलापूर पट्ट्यात, माहुलच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांत आपली माणसे आहेत. आखातातील 'शटडाउन जॉब'साठी दीड-दोन महिन्यांकरिता विमानाने जाणारे फिटर, वेल्डर आणि रिगर आपल्याच बाकांवर बसतात. तथापि या शब्दामागे काय दडले आहे, हे घरातील इतरांना क्वचितच ठाऊक असते. रात्रंदिवस चालणारा कारखाना ठरवून थांबवायचा, थंड करायचा, रिकामा करायचा, उघडायचा, आत शिरून पाहायचा, झिजले-तडकले ते बदलायचे, पुन्हा बंद करून दाबाखाली तपासायचा आणि मग जपून चालू करायचा, असे हे काम आहे. मोठ्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात हा योग काही वर्षांतून एकदा येतो. त्याची तयारी वर्ष-दीड वर्ष आधीपासून चालते. कोणती कामे करायची याची यादी होते. एका तारखेनंतर त्या यादीत भर घालावयाची नाही असा निर्बंध असतो. ज्या सुट्या भागांना बनण्यास महिनोन् महिने लागतात त्यांची मागणी आधीच नोंदवावी लागते. कोणते काम लांबले तर सगळेच लांबेल, याचा तासांचा हिशेब मांडला जातो. एवढे करूनही झाकण उघडल्यावर आत अनपेक्षित असे काही ना काही निघतेच. अशा नियोजनात पारंगत असलेला मनुष्य या अनपेक्षितासाठीही वेळ राखून ठेवतो.

थांबणे खर्चाचे असते, हे आम्ही नाकारीत नाही. मालकाचा तोटा हा पुष्कळदा कामगाराच्या चुलीपर्यंत पोहोचतो. शिवाय जाणकार सांगतात की, कारखाना बंद करण्याचा आणि पुन्हा चालू करण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो. म्हणजे वारंवार थांबणे हा काही पुण्याचा मार्ग नव्हे. म्हणून आमचा प्रश्न 'थांबावे की चालावे' असा सरधोपट नाही. थांबणे पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या माहितीच्या आधारावर, आणि चूक झाल्यास मोल कोणी द्यायचे, हा तो प्रश्न आहे.

देखभाल पुढे ढकलणे हे एक प्रकारचे कर्ज आहे, असे आम्हांस वाटते. आज वाचविलेला वेळ आणि पैसा उद्याकडून उसना घेतलेला असतो. कर्ज काढणे हे स्वतः पाप नाही. संसारी मनुष्याला ते काढावे लागते. परंतु या कर्जाचे वैशिष्ट्य असे की, रोख्यावर सही एकाची असते आणि वसुली दुसऱ्याकडून होते. सही करणारा वातानुकूलित दालनात बसलेला असतो. पाइपखाली उभा असतो तो रात्रपाळीचा ऑपरेटर, किंवा कुंपणापलीकडे झोपलेली वस्ती. १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळची ती रात्र आपण विसरलेलो नाही. विषारी वायूच्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा त्या वेळी कित्येक महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारी ज्वाला-मनोऱ्याची वाट, गंजलेला पाइपचा तुकडा बदलण्यासाठी काढून ठेवल्यामुळे, तुटलेली होती. दुरुस्ती 'व्हायची होती'. हजारो माणसांनी ते कर्ज फेडले, आणि त्यांपैकी कोणाचीही रोख्यावर सही नव्हती.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांस अज्ञानाचे दोन प्रकार शिकविले होते. एक, जे दूर करणे मनुष्याच्या हाती नसते; ते त्याला दोषमुक्त करते. दुसरे, जे दूर करता येते पण केले जात नाही. त्यातही, जाणले तर वागणे बदलावे लागेल म्हणून जाणूनबुजून जोपासलेले अज्ञान दोष कमी न करता उलट वाढविते. त्या काळी आम्हांस हा भेद पुस्तकी वाटला होता. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्याची हकिकत वाचली तेव्हा त्याचा अर्थ उमगला. १९७४ च्या मार्च महिन्यात तेथे ओळीने उभ्या असलेल्या सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेलेला आढळला. तो काढून टाकण्यात आला आणि चौथ्याला सहाव्याशी जोडणारा तात्पुरता पाइप बसवून काही दिवसांतच उत्पादन सुरू झाले. त्या पाइपचे रेखाटन कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेले होते. योग्य तो हिशेब झालाच नव्हता. पाचवा का तडकला याचा छडा लागण्यापूर्वी उरलेले पाच उघडून पाहावेत, हेही झाले नाही. १ जून १९७४ रोजी तो तात्पुरता पाइप निकामी होऊन भीषण स्फोट झाला आणि अठ्ठावीस माणसे मृत्युमुखी पडली. तो शनिवार होता म्हणून कार्यालये रिकामी होती. एरवी हा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

त्या माणसांना कोणाचाही जीव घ्यावयाचा नव्हता. त्यांना फक्त लवकर सुरू करायचे होते. एका रिॲक्टरचा तडा त्यांनी पाहिला आणि दुसऱ्यांत डोकावण्याचे टाळले. आमच्या गृहस्थांचे ते इन्सुलेशनखालचे सात एल्बो आणि फ्लिक्सबरोचे ते न उघडलेले रिॲक्टर यांत आम्हांस काही अंतर दिसत नाही.

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांस तरी कोठे आहे? बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना सुताराने चर्चच्या छपराच्या वाशांना वाळवी लागल्याचे दाखविले होते. "फादर, आणखी चार वासे खोलून बघायला पाहिजेत," तो म्हणाला होता. सण तीन आठवड्यांवर आला होता. बँड ठरला होता, रोषणाई ठरली होती. आम्ही म्हणालो, सणानंतर पाहू. सण थाटात झाला, नंतर पाऊस लागला, आणि एका रात्री एक वासा कौलांसकट खाली आला. मिस्सासेवक मुले ज्या बाकावर बसत, तो बाक मोडला. रात्र असल्यामुळे चर्च रिकामे होते. त्या रविवारी आम्ही प्रवचनपीठावरून देवाच्या कृपेचे आभार मानले. कृपा होती, यात शंका नाही. परंतु सुताराचे शब्द आम्ही त्या प्रवचनात उच्चारले नाहीत. आमची हयगय आम्ही देवाच्या खात्यावर लिहून टाकली होती. ते गृहस्थ कागद खिशात घालून गेले, त्या रात्री आम्हांस तो मोडलेला बाक पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

एकदा थांबण्याचे ठरले की दुसरे दायित्व सुरू होते. ते दिलेल्या शब्दाचे. शटडाउनमध्ये एकाच जागी शेकडो माणसे वावरतात. एक पाइप खोलतो, दुसरा वर वेल्डिंग करतो, तिसरा टाकीत उतरतो. त्यांना एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे परमिट नावाचा कागद. अमुक यंत्र बंद केले आहे, वीज तोडून कुलूप घातले आहे, पाइपांत ब्लाइंड म्हणजे पोलादी चकत्या घालून वाट अडविली आहे, वायूची चाचणी घेतली आहे, आता काम करण्यास हरकत नाही, असे कोणीतरी स्वतःच्या सहीने सांगतो. वरवर पाहता तो कारकुनी कागद आहे. वस्तुतः ते एका मनुष्याने दुसऱ्याला दिलेले वचन आहे. तो कागद वाचून जो टाकीत उतरतो, तो सही करणाऱ्याच्या सचोटीवर आपला जीव ठेवून उतरतो.

उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या तेल-वायूच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी हेच वचन हरवले. दोन पंपांपैकी एकाची सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढली होती, आणि तिच्या जागी केवळ तात्पुरते झाकण बसविले होते. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. झडप जागेवर नाही, ही वार्ता रात्रपाळीच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचलीच नाही. रात्री चालता पंप बंद पडला. हाताशी असलेला दुसरा पंप चालू करण्यात आला. झाकणातून वायू सुटला. एकशे सदुसष्ट माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. त्यांत परमिटची शिस्त आणि एका पाळीने दुसरीला माहिती देण्याची पद्धत यांना महत्त्वाचे स्थान होते. दिवसपाळीतल्या कोणी ज्ञात असे खोटे बोलले नव्हते. खरे होते, ते योग्य माणसापर्यंत वेळेवर पोहोचविले गेले नाही, इतकेच. आपण खोटे बोलण्याचे पाप मोजतो. परंतु सांगायला हवे ते न सांगताच घरी निघून जाणे, हे आपल्या यादीत कितीसे असते?

तिसरी गोष्ट विसाव्याची. निर्गमाच्या ग्रंथातील साबाथची आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. मुलगा-मुलगी, दास-दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना ती विसावा देते. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात तर भूमीलाही सातव्या वर्षी विसावा सांगितला आहे, आणि 'सातव्या वर्षी खायचे काय' ही चिंताही तेथेच बोलून दाखविली आहे. म्हणजे उत्पादन थांबण्याची धास्ती आजची नव्हे. आणि थांबण्याच्या वर्षाची तरतूद आदल्या वर्षी असावी लागते, हेही जुनेच शहाणपण आहे.

शटडाउनकडे या दृष्टीने पाहिले की एक विपरीत चित्र दिसते. यंत्र विसावते, आणि त्याच दिवसांत माणूस दुप्पट राबतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रविवार नाही, सुट्टी नाही. कारण बंद कारखान्याचा प्रत्येक तास तोट्याचा. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पात २३ मार्च २००५ रोजी दुरुस्तीनंतर एक विभाग पुन्हा चालू करताना स्फोट झाला. पंधरा माणसे ठार झाली, एकशे ऐंशी जखमी झाली. चौकशीत आढळले की, त्या विभागाचे ऑपरेटर एकोणतीस वा त्याहून अधिक दिवस सलग, रोज बारा तास काम करीत होते. मेलेले पंधराही जण कंत्राटी होते; दुसऱ्याच एका विभागाच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या फिरत्या खोल्यांत आणि त्यांच्या आसपास ते होते. शेजारचा विभाग आज चालू होत आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. साबाथच्या आज्ञेतील 'वेशीच्या आतला परका' आजच्या काळात कोण, हे यापरते कसे सांगावे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सरचेन्स' या परिपत्रकात काम मनुष्यासाठी असते, हे तत्त्व आग्रहाने मांडले. शटडाउनच्या वेळापत्रकात माणसाच्या झोपेसाठी रकाना आहे की नाही, यावरून त्या तत्त्वाची कसोटी लागते.

हे विचार मनात घेऊन आम्ही त्या आठवड्यात बुधवारी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. कागद अजून सहीविना होता. आम्ही म्हणालो, "रविवारी आम्ही तुम्हांला उत्तर दिलं नाही, टाळलं. सहीचा प्रश्न नंतरचा आहे. आधी ते सात एल्बो मोजा. मोजता येत असून न मोजणं, दोष तिथे आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला ते ठाऊक होतं, फादर. कोणीतरी म्हणायला हवं होतं." त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या; त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "आणि नोकरीचं काय, फादर?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. एवढेच बोलू शकलो की, जे काही होईल त्यात तुम्ही एकटे असणार नाही.

सातही एल्बो मोजले गेले. दोन तीन मिलिमीटरच्या खाली होते, एक २.६ भरला. त्यांनी ते आकडे सहीसकट वर पाठविले आणि 'ढकलण्यास हरकत नाही' खालची जागा कोरी ठेवली. आठ दिवसांत कारखाना थांबला. मागणीचा काही भाग हातचा गेला. माल भरणाऱ्या कंत्राटी मजुरांना त्या तीन आठवड्यांची मजुरी मिळाली नाही. ही बाजू लपविणे बरे नव्हे. पुढे सहा महिन्यांनी या गृहस्थांची बदली भांडारात झाली. कारण लेखी दिले गेले नाही. त्यांचा एक सहकारी त्यांना अजूनही म्हणतो, "इतकी वर्षं टिकला होता, आणखी पाच महिने टिकला असता."

कदाचित टिकलाही असता. देखभाल करणाऱ्याच्या वाट्याला येणारी ही मोठी कठीण गोष्ट आहे. तो यशस्वी झाला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा जगात कोठेच नसतो. वैद्याला बरा झालेला रोगी भेटतो, शिक्षकाला शिकलेला विद्यार्थी भेटतो. यांना मात्र आपण कोणाला वाचविले हे कधीच कळत नाही. म्हणूनच त्यांच्या निर्णयाचे मोल परिणामावरून करता येत नाही. त्या दिवशी जे जाणता येत होते ते त्यांनी जाणून घेतले का, आणि जाणले ते सांगितले का, एवढेच विचारता येते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाच्या अंगांत दूरदृष्टीबरोबर स्मृती आणि शिकवून घेण्याची तयारीही मोजली आहे. सुताराचे ऐकणे, मोजणी करणाऱ्याचे ऐकणे, हीदेखील धर्मसाधनाच आहे.

आपल्या देशातील कायद्यांनाही ही स्मृती आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, त्यानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. त्यातूनच पुढे १९२३ चा देशव्यापी कायदा आला. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी नियमित तपासणीचे तत्त्व कायम राहिले. मात्र १९४८ च्या कारखाने कायद्याचे छत्तिसावे कलम वाचताना आम्ही थबकलो होतो. वायूचा धोका असलेल्या बंदिस्त जागेत कोणाला उतरवायचे, तर आधी चाचणी घेऊन लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेला पट्टा बांधावा, पट्ट्याला दोर असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे, असे तेथे लिहिले गेले.

कायदा करणाऱ्यांनी एवढीच अपेक्षा केली होती की, बाहेरच्या माणसाने दोर सोडू नये. टाकीच्या तोंडाशी उभे असणारे जसे ते टोक धरतात, तसेच मोजणीच्या कागदावर सही करणारे, पाळी बदलताना माहिती देणारे, शटडाउनचे दिवस ठरविणारेही धरतात, आणि आखातात गेलेल्या नवऱ्याला फोनवर "झोप झाली का?" असे विचारणारी घरधनीणही. त्या गृहस्थांनी आपल्या हातातला दोर सोडला नाही. भांडारात बदली झाल्यानंतरही ते दर रविवारी दुसऱ्या मिस्सेला येतात. त्यांच्या जुन्या विभागातील तरुण फिटर आता त्यांच्या शेजारी बसतात, आणि मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात त्यांना कसले कसले आकडे दाखवीत उभे असतात.